कन्फेशनच्या लाईनीत कोण उभं नसतं

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या वसईत चर्चमध्ये कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपाशी आपली पापं कबूल करायच्या, लाईनी लागायला लागतात, पवित्र आठवड्याच्या तोंडावर तर आजूबाजूच्या धर्मग्रामांतले, म्हणजे पॅरिशमधले, चार-पाच फादर एकत्र येऊन बसतात, एक दाराजवळ, एक बाजूच्या वेदीपाशी, एखादे बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून. लाईनीतल्या बऱ्याच जणांच्या हातात एक कागद असतो, विवेकबुद्धी तपासायचा. दहा आज्ञा क्रमाने, प्रत्येक आज्ञेखाली चार-पाच प्रश्न, आणि कधीकधी शेवटी विवाहितांसाठी म्हणून वेगळा छोटा भाग. मला त्या छोट्या भागाबद्दल बोलायचंय.

असे कागद मी बरेच वाचलेत, चर्चमध्ये वाटलेले, व्हॉट्सॲपवर फिरणारे, इंग्रजीतून घाईघाईत मराठीत आणलेले. विवाहितांसाठीचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. जोडीदाराशी एकनिष्ठ राहिलो का, गर्भनिरोधक साधनं वापरली का, नको ते व्हिडिओ पाहिले का, जोडीदारावर चिडचिड केली का, मुलांना चर्चमधल्या मिस्साच्या उपासनेला नेलं का, घरात रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते का. यातला एकही प्रश्न चुकीचा नाही, आणि हे सगळं जुनाट आहे, काढून टाका असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेल्या कुठल्याही बाईला विचारा की घरात तुला सगळ्यात जास्त कशानं दुखलं, आणि मग तिचं उत्तर या कागदावर शोधा. बहुतेक वेळा सापडणार नाही. पैसा नाही, जमीन नाही, भीती नाही, आणि 'आज नको' म्हटलेलं ऐकून न ऐकल्यासारखं करणं, तेही नाही.

लाईनीत बायका जास्त असतात हे तर कोणीही डोळ्यांनी बघू शकतं. आणि त्या आत जाऊन काय सांगतात हे मला माहीत असायचं कारण नाही, पण बाहेर आमच्या महिला मंडळात मोकळेपणी बोलणं होतं तेव्हा कळतं की बहुतेकींची यादी रागापासून सुरू होते. मी नवऱ्यावर ओरडले, सासूला उलट बोलले, मुलावर हात उगारला. आता राग हे पाप आहे, मान्य, पण तो आला कशावरून? नवऱ्याने पगार कुठे गेला ते सांगितलं नाही, किंवा सलग तिसऱ्या रात्री पिऊन आला, किंवा तिच्या आईला हॉस्पिटलात बघायला जायचं तर 'कशाला सारखं माहेर माहेर' म्हणून मोडता घातला. बाई रागाचं कन्फेशन करते, फादरांनी प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या तीन नमो मरिया प्रार्थना म्हणते, घरी येते, आणि राग ज्याच्यामुळे आला तो माणूस त्या लाईनीत उभाच नसतो. उभा असला तरी त्याच्या हातातल्या कागदावर त्याच्यासाठी प्रश्न नसतो. तो व्यभिचार करत नाही, रविवार चुकवत नाही, सणाच्या कमिटीत पुढे असतो. कागदाप्रमाणे तो पास.

मग कोणी म्हणेल की मिस्साच्या सुरुवातीला आपण सगळेच कबुली देतो ना, विचारानं, शब्दानं, कृतीनं पाप केलं, आणि जे करायला हवं होतं ते केलं नाही. बरोबर. हा चौथा भाग, न केलेल्या गोष्टींचा, माझ्या मते लग्न झालेल्या माणसाचं अर्धंअधिक आयुष्य त्याच भागात बसतं. बायको तापाने फणफणली असताना चहा कोण करतो, आई बायकोला टाकून बोलते तेव्हा मुलगा तोंड उघडतो का, बायकोनेही नवऱ्याच्या म्हाताऱ्या बापाचं औषध वेळेवर दिलं का. पण कागद बघितला तर जवळजवळ सगळे प्रश्न 'केलं का' असे, 'करायचं टाळलं का' असे फार थोडे.

सहाव्या आज्ञेचंच, 'व्यभिचार करू नको' हिचंच घ्या, कारण विवाहितांचा विषय निघाला की सगळी गाडी तिथेच येऊन थांबते. १९६८ च्या जुलैत पोप पॉल सहावे यांचं संततिनियमनावरचं परिपत्रक निघालं, ज्याला आपण हुमाने विटे म्हणून ओळखतो. त्यात कृत्रिम साधनं नाकारली आहेत हे चर्चमध्ये न जाणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण त्याच परिपत्रकाच्या १३व्या परिच्छेदात सरळ म्हटलंय की जोडीदाराची अवस्था आणि त्याची रास्त इच्छा लक्षात न घेता लादलेला शरीरसंबंध हे खरं प्रेम नव्हेच, ते नैतिकतेच्या विरुद्ध आहे. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं झाली या वाक्याला. ते कधी प्रवचनात ऐकलंय? कागदावर वाचलंय? गोळी घेतली का हा प्रश्न आहे, आणि तो उत्तरासकट बाईच्या वाट्याला येतो, कारण गोळी तीच घेते. तिच्यावर जबरदस्ती केली का हा प्रश्न नवऱ्याला कोणी विचारत नाही. आपल्या देशाचा फौजदारी कायदाही इथे नवऱ्याला सूट देतो, नवीन भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या बायकोबाबत ती सूट तशीच राहिली आहे, त्यामुळे या एका बाबतीत पोपचं १९६८ चं परिपत्रक आपल्या कायद्याच्या पुढे आहे, आणि हे आपण आपल्याच लोकांना सांगत नाही. मला याचं खरंच आश्चर्य वाटतं.

पाचव्या आज्ञेचीही तीच गत. 'खून करू नको' याखाली गर्भपात असतो, आत्महत्येचा विचार असतो, दारू असते, द्वेष असतो. नवऱ्याने बायकोला मारणं बऱ्याच वेळा 'राग आवरला नाही का' यातच विरघळून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत लग्न झालेल्या बायकांपैकी देशभरात साधारण २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हा आकडा काही कॅथलिकांचा वेगळा नाही, पण आमच्या घरांवर क्रूस टांगलाय म्हणून आकडा दारातून परत जातो असं मानायला मी तरी तयार नाही. आणि इथे एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. ख्रिस्तसभेच्या कायद्यातच, कॅनन ११५३ मध्ये, लिहिलंय की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे, आणि उशीर करण्यात धोका असेल तर बिशपांच्या हुकमाची वाट न बघताही निघता येतं. अमेरिकेच्या बिशपांनी १९९२ ला आणि पुन्हा २००२ ला पत्रक काढून स्पष्ट सांगितलं की मारहाणीच्या लग्नात राहिलंच पाहिजे अशी अपेक्षा कोणाकडूनही नाही. आपल्याकडे मात्र मार खाणारी बाई लाईनीत उभी राहून 'फादर, मला नवऱ्याला क्षमा करता येत नाही' हे स्वतःचं पाप म्हणून सांगते.

फादरांना दोष देणं सोपं आहे, ब्रह्मचारी माणसाला संसारातलं काय कळणार वगैरे, हे वाक्य मला आळशी वाटतं. चांगला फादर चाळीस वर्षं लोकांचं ऐकून संसाराबद्दल जे शिकतो ते आपल्याला एका लग्नात शिकायला मिळत नाही. अडचण दुसरी आहे. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर बाहेर कोणापाशीही काढू शकत नाहीत, पोलिसांपाशी नाही, बिशपांपाशी नाही, त्या नवऱ्यापाशी तर नाहीच नाही, आणि हे बंधन आहे म्हणूनच लोक बोलतात. पण म्हणजे मार खाणाऱ्या बाईने फक्त तिथेच सांगितलं तर ते तिथेच राहिलं. फादरांनी तिला 'हे तुझं पाप नाही, आणि हेच मला बाहेर ऑफिसात येऊन सांग' एवढं म्हटलं तर गोष्ट पुढे जाते. काही फादर म्हणतात तसं. सगळे म्हणत नाहीत, मागे चाळीस माणसांची लाईन असते.

आता जमीन. इथे मला थोडं जास्त बोलू द्या, कारण वसईत लग्नाचा आणि विवेकबुद्धीचा विषय जमिनीशिवाय निघू शकत नाही, निघाला तर तो खोटा.

आम्हाला लागू होतो तो १९२५ चा भारतीय वारसा कायदा. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायको-मुलं असली तर एक तृतीयांश विधवेला, उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याच्या पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, दोन्हींतलं जे कमी ते, असं चालायचं, मेरी रॉय यांना त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं आणि १९८६ ला निकाल लागला. आपल्याकडे तो झगडाच नव्हता, कायदा आधीपासून सरळ. तरीही आमच्या कितीतरी बागायती वाड्यांच्या सातबाऱ्यावर बहिणींची नावं शोधून दाखवा. वारसनोंदीत सगळी भावंडं येतात आणि मग वर्षा-दोन वर्षांत हक्कसोडपत्र होतं.

ते कसं होतं तेही सांगते. माझ्या एका आत्याचं झालं तेव्हा मी कॉलेजात होते, सोबत गेले होते. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात एजंटने कागद पुढे सरकवला, आत्याने विचारलं सही कुठे करायची, त्याने पेन्सिलीने फुली मारून दिली, प्रत्येक पानावर. एकाही पानावर काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही, कोणी वाचून दाखवलंही नाही. त्यात लिहिलेलं असतं की मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कुठलाही मोबदला न घेता. मग बाहेर हॉटेलात सगळ्यांचं जेवण, आत्याला एक साडी, आणि घरी येताना गाडीत रोझरी, कारण तो ऑक्टोबर होता, रोझरीचा महिना. कोणी वाईट माणसं नव्हती ती. सगळी पहिल्या शुक्रवारच्या मिस्साला जाणारी.

मला माहीत आहे याला दुसरी बाजू आहे. आईबापांना शेवटपर्यंत भावाने सांभाळलं, वाडी कसली, बहिणींच्या लग्नाचं कर्ज त्यानेच फेडलं, आणि काही बहिणी खरंच मनापासून देतात, माहेर तुटू नये हा व्यवहार त्यांना परवडतो. ते मी नाकारत नाही. पण ऐंशीच्या दशकापर्यंत केळी आणि फुलं देणारी वाडी ही एक गोष्ट होती आणि आज बिल्डर ज्या दराने मागतो ती दुसरी. साडी मात्र एकच राहिली. कायद्याने पक्कं झालं म्हणून विवेकबुद्धीचं काम संपलं असं कॅथलिक शिकवण तरी म्हणत नाही. चोरीची पापक्षमा मागणाऱ्याने चोरलेलं परत करायला हवं, ही शिकवण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गातच देतात, जक्कयाची गोष्ट सांगून, येशू घरी आला तेव्हा जक्कय म्हणाला ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. येशूने त्याला तीन नमो मरिया सांगितल्या नव्हत्या. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात तर अजून कडक आहे, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. भाऊ म्हटलंय, बहीण त्यात येतेच.

याचा लग्नाशी काय संबंध, असं काही जणांना वाटेल. सगळा संबंध आहे. कारण हे पाप, पाप म्हणायचं असेल तर, एकटा भाऊ करत नाही, नवरा-बायको मिळून करतात. आणि कन्फेशन होतं एकेकट्याचं. नवरा मनात म्हणतो, बायकोला मुलांच्या भवितव्याची काळजी, तिच्यामुळे मी ताणून धरलं. बायको म्हणते, तो त्यांच्या घरचा विषय, मी कोण बोलणार, आणि गंमत म्हणजे ती स्वतः तिच्या माहेरी तशीच सही करून आलेली असते. दोघंही आपापल्या जागी अर्धे-अर्धे निर्दोष, आणि ते पाप दोघांच्या मधल्या फटीतून खाली पडतं. घरकामाच्या बाईला सणाला बोनस न देणं, म्हाताऱ्या आईला महिना-महिना वाटून घेणं, मुलीचं लग्न परजातीत ठरलं म्हणून, म्हणजे वाडवळ-सामवेदी-ईस्ट इंडियन अशा आपल्याच कॅथलिकांतल्या जातीत, दोन वर्षं तिच्याशी न बोलणं, हीसुद्धा जोडप्याची पापं आहेत. कागदावर 'मी' असतो. 'आम्ही' कुठेच नसतो.

म्हणून मला वाटतं विवाहितांचा कागद विवाहितांनी लिहावा. धर्मग्रामातली पाच-सहा जोडपी, एखादी विधवा, एखादी वेगळी राहणारी बाई, एखादा दारू सोडलेला माणूस, आणि फादर. शिकवणीत बसतंय का ते फादर बघतील, घरात बसतंय का ते बाकीचे बघतील. ही काही क्रांती नाही. साठच्या दशकात संततिनियमनाच्या प्रश्नावर रोममध्ये जो आयोग बसला होता त्यात शिकागोच्या क्राउली पतिपत्नींसारखी जोडपी होती, पोपनी शेवटी बहुमताचं ऐकलं नाही हा भाग वेगळा, पण विचारलं तर होतं. २०१४-१५ च्या कुटुंबविषयक सिनडच्या, म्हणजे बिशपांच्या सभेच्या, आधी पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांत प्रश्नावली पाठवली होती. त्यानंतर २०१६ ला आलेल्या त्यांच्या पत्रात एक वाक्य आहे, आमचं काम लोकांची विवेकबुद्धी घडवायचं आहे, तिची जागा घ्यायचं नाही. रोमला जमतं ते धर्मग्रामाला जमायला हरकत नाही.

विवेकबुद्धी ही खाजगी गोष्ट, तिची चर्चा चारचौघांत कशाला, असा एक आक्षेप नेहमी येतो. उत्तर खाजगीच आहे, ते फादर आणि देवापाशी. प्रश्न मात्र छापून हजार जणांना वाटलाय, तो खाजगी कसा? काय विचारायचं आणि काय नाही हे कोणीतरी ठरवलंय, आणि ज्याने ठरवलं त्याच्याशी वाद घालायचा हक्क लाईनीत उभं राहणाऱ्याला आहे. दुसरा आक्षेप, की अशाने सहावी आज्ञा पातळ होईल, सगळं समाजकार्य होऊन बसेल. मला उलट वाटतं. ज्या नवऱ्याला तू तिचं 'नको' ऐकलंस का हे विचारलं गेलं त्याच्यासाठी सहावी आज्ञा आतापर्यंत होती त्यापेक्षा जड होते. तिसरा, बायका काय धुतल्या तांदळासारख्या असतात का. अजिबात नाही. सुनेला उष्टं-खरकटं काढायला लावणारी सासू बाईच असते, नवऱ्याला त्याच्या भावांपासून तोडणारीही असते, आणि नवऱ्याच्या तुटपुंज्या पगाराचा उद्धार मुलांसमोर करणाऱ्याही मी पाहिल्यात. त्यांच्यासाठीही प्रश्न लिहा, भरपूर लिहा.

एक सावधगिरी मात्र हवी. नवरा-बायकोने घरी एकत्र बसून हा कागद वाचावा असं मला सुचवायचंय, उपवासकाळातल्या एखाद्या शुक्रवारी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. पण ज्या घरात भीती आहे तिथे हे करायला सांगू नका. तिथे बाई खरं बोलली तर रात्री त्याची किंमत मोजते. त्या घरासाठी कागदाच्या खाली हेल्पलाइनचा नंबर छापा, महिलांसाठीचा १८१, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे एवढी एक ओळ. जागा फार लागत नाही.

प्रश्न काय असावेत याची माझी यादी मोठी आहे, सगळी इथे देत नाही. बायकोला माझा पगार आणि माझं कर्ज माहीत आहे का. तिने कमावलेले पैसे खर्च करायला तिला मला विचारावं लागतं का. मी घरात शिरलो की मुलं गप्प होतात का. ती नको म्हणाली तेव्हा मी थांबलो का. मी नवऱ्याची लाज चारचौघांत काढली का. सासू-सासऱ्यांशी मी जसं वागते तसं माझ्या आईवडिलांशी माझ्या वहिनीने वागलेलं मला चालेल का. आणि, आम्ही दोघांनी मिळून बहिणीची, नणंदेची सही घेतली तेव्हा तिला नाही म्हणता आलं असतं का, आणि आज तो हिशोब पुन्हा उघडायची आमची तयारी आहे का.

यातले बाकीचे प्रश्न पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगमध्ये पास होतील असं मला वाटतं, थोडी कुजबुज होईल, एखादा शब्द बदलतील. शेवटच्या प्रश्नावर मात्र कोणीतरी घसा खाकरून म्हणेलच की हा कौटुंबिक विषय आहे, कागदावर नको, उगाच घराघरांत भांडणं लागतील. लागू देत. भांडणं आत्ताही आहेतच, फक्त ती बहिणी त्यांच्या सासरच्या स्वयंपाकघरात एकट्या भांडतायत.